बाबांची पावलं

औषधाच्या दुकानापुढची रांग ढिम्म हलत नव्हती, पण रांगेतली एक म्हातारी जागच्या जागी पावलं टाकत होती. सोबतची धाकटी बहीण वैतागली होती.

“ताई, टेक की जरा पायरीवर. किती दमलीस!”

“नको गं. तुझ्या भाऊजींचा फोन आहे कनवटीला. तो पावलं मोजतो, आणि लेक परदेशातून रोज बघतो, बाबा किती चालले ते.”

“अगं, भाऊजी तर अंथरुणाला खिळलेत!”

“त्यांनीच शपथ घातलीय. पोराच्या जिवाला घोर नको म्हणे.”

“आणि तुझा फोन?”

“फळीवर पडून असतो.”

“मग लेक काही म्हणत नाही?”

“म्हणतो की! कालच ओरडला, आई, बाबा बघ या वयात किती चालतात. तूही हल की जरा जागची!”