सुतकातलं पाचट

आम्ही मूळचे साक्रीकडचे. राजूचा बाप आधी कतारगामले कापडाच्या लूमवर होता, तठे त्याचा खोकला हटेना, म्हणून बारडोलीकडं ह्या शेठच्या उसाची राखण धरली, नि मंग इथंच राह्यलो. झोपडी शेतातच, शेजार नाही, बोलायले तोच एक होता मले.

ऊस तुटला की मागं पडलेल्या वाळक्या पानांचं पाचट पेटवायचं, इकडं सगळे पेटवतात, आम्हीबी पेटवायचो, एका काडीत शेत मोकळं. राजूचा बाप गेला तेव्हा नेमकी तोड झालेली. शेठ आला, बसला, दोन शब्द बोलला, मंग म्हणे बेन, पाचट पेटवून टाक. मी बोलली शेठ, घरात सुतक हाये, चूल पेटवली नाही मी, शेत कसं पेटवू? शेठ धर्माचा माणूस, म्हणे भले, झोपडीमागचा तुकडा राहू दे. बाकी शेत त्यानं दुसऱ्याकडून पेटवलं. सुतकाचे दिवस झाले तोवर तुकड्याले पाणी देऊन झालं, पाचट ओलं, आता ते काय पेटतं! त्याच्यातूनच तुटल्या उसाचे कोंब वर आले.

पुढच्या साली मीच बोलली, एवढा तुकडा माझ्याकडं असू द्या. आग नाही, युरिया नाही, पाचट नि शेणखत, बस. ऊस शेठच्या शेतापेक्षा कमीच निघतो, खोटं कशाले बोलू. पण माती! काय सांगू तुम्हाले, आधी ढेकूळ फोडायले कुदळ लागे, आता मुठीत भुगा होतो, काळीभोर, गांडुळं तर विचारूच नका. शेठकडं एक शेतीवाले साहेब आले होते, ते म्हणे मावशी, पीक हवेतला कार्बन खातं, पाचट कुजलं की त्यातला थोडा मातीत बसून राहतो, जाळलं की बहुतेक सगळा परत हवेत. मी बोलली बसतो तर किती दिवस बसतो? म्हणे बसायले वर्षं लागतात, उठून जायले वेळ नाही लागत. मले रडूच आलं, साहेब घाबरले बिचारे. माझ्या माणसाच्या सुतकातलं पाचट हाये ना त्याच्यात.

राजू कतारगामले हिरे घासतो. गावातल्या पीसीओवर फोन करतो, म्हणे आई, खोली हाये, नातवंडं हायेत, एकटी काय करते तठे? एकटीच हाये वो मी, खरं हाये. दूधवाला गेला की दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही, मंग तुकड्याशी बोलते. पण शेठच्या पोरानं सांगून ठेवलंय, मावशी गेली की तो तुकडाबी बाकी शेतात घेऊ, पेटवून नांगरून टाकू. मंग जीव कसा होईल माझा?

उत्तराणले, म्हंजे संक्रांतीले, राजू न्यायले आला होता. मी बोलली बूट काढ, आधी शेठच्या शेतात चाल, मंग ह्याच्यात चाल, मंग ने मले. तो बांधावरच उभा, घड्याळ बघे, म्हणे आई, बस चुकेल. गेला. जाऊ द्या, जिथं हाये तिथं सुखी राहो माझं लेकरू. तुम्ही तरी चप्पल काढा भाऊ, चाला दोन्हीकडं, नि मंग सांगा मले, कशी जाऊ मी?