दहापैकी नऊ गुण

(वृद्धाश्रमातली बाबांची खोली. त्यांना जाऊन आठवडा झालाय. भाऊ आणि धाकटी बहीण सामान आवरताहेत.)

दादा : ...आणि हे बोलकं यंत्र? हेही पिशवीत घालू, का आपटून फोडू?

चिमी : ते इथलं आहे, दादा. राहू दे उशाशी.

दादा : उशाशी बसूनच घात केला मेल्यानं! उद्या तक्रार ठोकणार आहे मी. तू याच कामातली ना? मग मला समजेल असं सांग. बाबा शनिवारी याला म्हणाले, 'मोठ्याला बोलाव.' रविवारी पहाटे ते गेले. आणि मला निरोप सोमवारी! ही कुठली तऱ्हा?

चिमी : त्याच्या हाताशी दोन साधनं होती. एक फोन लावायचं, एक निरोप पाठवायचं. कुठलं कधी वापरायचं हे त्याला आपण लिहून द्यायचं असतं. जे लिहिलंय, तेवढंच त्याला कळतं. फोनपुढे लिहिलं होतं, 'डॉक्टरांनी सांगितल्यास नातेवाइकांना फोन लावते.' डॉक्टर काही बोलले नव्हते. म्हणून त्यानं दुसरं उचललं.

दादा : त्याच्यापुढे काय होतं?

चिमी : 'नातेवाइकांना निरोप पाठवते'

दादा : मग? पाठवायचा ना!

चिमी : ते साधन निरोप नुसते साठवतं. सगळ्यांचे एकदम, सोमवारी सकाळी जातात.

दादा : आणि हे तिथे लिहिलंच नव्हतं?

चिमी : नाही.

दादा : वा रे शहाणे! माझ्याकडे ड्रॉइंग आलं आणि त्यावर माप नसलं, तर मी लेथला हात लावत नाही. कोणी लिहिलं हे?

चिमी : इथल्या ऑफिसातल्या कोणीतरी.

दादा : आणि तपासलं कोणीच नाही? आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय!

चिमी : तपासलं. ही वर्णनं तपासायला आमच्याकडेच येतात. वाचून गुण द्यायचे. ज्यानं ते साधन कधी पाहिलं नाही, त्यानंच वाचायचं, असा आमचा नियम आहे. माहीतगार माणूस न लिहिलेलंही वाचून मोकळा होतो.

दादा : चिमे, आडून आडून बोलू नकोस. काय ते नीट सांग.

चिमी : त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. यादीत या आश्रमाचं नाव दिसलं. म्हटलं, आपल्या बाबांचं आहे, आपणच बघू, जीव लावून. दर सोमवारी मला त्यांचे निरोप यायचे ना. 'साबण संपला.' 'चष्म्याची काडी ढिली झालीय.' निरोप म्हणजे सोमवार, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की कागदावर सोमवार नाहीच हे मला दिसलं नाही. दहापैकी नऊ दिले मी. मी दिले, दादा.

दादा : ...एक कशाचा कापलास?

चिमी : शेवटी पूर्णविराम नव्हता.

दादा : पूर्णविराम.

चिमी : शिव्या दे. हात उचल. काहीतरी बोल ना!

दादा : बाबा गेले त्या दिवशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, तेव्हा माहीत होतं तुला?

चिमी : तेव्हा नव्हतं. सोमवारी तुझा फोन आला, निरोप आता मिळाला म्हणालास, तेव्हा ते वर्णन परत काढून वाचलं. मग तोंड उघडायची हिंमतच होईना.

दादा : दीड वर्ष बोलले नाहीत ते माझ्याशी. इथे आणून ठेवलं म्हणून. फाटकाशी फळं ठेवून जायचो, तर तशीच परत पाठवायचे. मी म्हटलं, म्हातारा हट्टी, आपणही त्याचेच. आणि शेवटी त्यांनी आपणहून बोलावलं, तर... तक्रारीत तुझं नाव येईल, चिमे.

चिमी : येऊ दे. काल मीच आमच्या ऑफिसात लिहून दिलं सगळं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

दादा : शनिवारी काय काय बोलले ते? याच्याकडे नोंद असेल ना?

चिमी : आहे माझ्याकडे. नको ऐकूस.

दादा : वाच.

चिमी : दोन वाजता, 'मोठ्याला बोलाव. आजच. म्हणावं, झालं गेलं सोड.' यानं सांगितलं, 'निरोप पाठवला आहे.' चार वाजता, 'आला का तो?' पाचला परत तेच. सहाला, 'माझा धुतलेला सदरा काढायला सांग कुणाला तरी.'

दादा : पुढे?

चिमी : साडेसातला. 'कामात असेल. राहू दे.'

दादा : काम! शनिवारी वर्कशॉपात चिटपाखरू नव्हतं. दुपारपासून नुसता बसून होतो मी. इथून दहा मिनिटांवर.

चिमी : दादा...

दादा : मी आलो असतो गं.