मस्कतला पोचलेला कोंबडा

शहाण्णव सालचा जानेवारी, शेतात मडक्यात वालाच्या शेंगा आणि कोंबडी भाजायचे, पोपटीचे दिवस. शेजारच्या पांडूने मडक्यात घालायला आमचा कोंबडा उसना नेला आणि विसरला. मी कोणाच्या दारात मागायला जात नाही.

रविवारी गडब नाक्यावरच्या एसटीडी बूथवर मस्कतहून मुलाचा फोन आला. त्याने आधी कोंबड्याचीच चौकशी केली. रिसीव्हर बायकोच्या हातात, आणि तिचा जन्म मिठागरात बांधावरून हाका मारण्यात गेलेला.

"पांडूने खाल्ला रे. बदली अजून दिला नाय."

अख्खा नाका ऐकत होता.

"हळू बोल गो," मी म्हटलं.

"मस्कत काय पेणला हाय? हळू बोलून पोचंल कसं?"

पांडू बाजूच्याच सलूनात होता. अर्धीच दाढी झालेली, पळणार कुठे?

सोमवारी सकाळी आमच्या ओट्यावरच्या खांबाला कोंबडा बांधलेला होता.