रानटी सोयरे

रुक्मा : बाटवलंत! आमचं देवभात बाटवलंत तुम्ही आन् तुमच्या त्या वरच्या लोकांनी. वर जीपमधनं उतरून हसत इचारताय, "सगळं बरं आहे ना?"

(गुंद गाव. ऋषिपंचमीची दुपार. अंगणात साहेब. दारात रुक्मा, कडेवर मातीचं मडकं. तिचा नवरा म्हादू खांबाच्या आडोशाला.)

साहेब : बाई, जरा शांत व्हा. कसलं देवभात? मी आमच्या नव्या बियाण्याचा प्रयोग बघायला आलोय.

म्हादू : देवभात म्हंजे तळीत आपसूक उगवतंय ते, साएब. नांगर न्हाई, बैल न्हाई. पंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात न्हाईत, मग हेच शिजवत्यात.

रुक्मा : हे सांगायला तोंड हाय व्हय! आन् त्याच तळीच्या काठाला ह्यांचं बी पेरताना कुठं गेलं हुतं? ह्यांच्या एका फुकटच्या टोपीसाठी काठ दिला!

म्हादू : टोपी चांगली हाय गं. उन्हाला बरी पडती.

साहेब : पण बाटवलं म्हणजे झालं काय?

रुक्मा : ह्या मडक्यात बघा. दरसाल देवभातात अळ्या पडत्यात, पाखरं उडत्यात. आवंदा अळ्या पडल्या, चार दाणे खाल्ले आन् उताण्या झाल्या. ढीग पडलाय.

साहेब : अरे वा! म्हणजे गुण उतरला की! म्हणजे... तसं नव्हे. उतरायला नको होता.

रुक्मा : कसला गुण?

साहेब : आमच्या भातात अळी मारायचा गुण घातलाय. मातीत एक जंतू असतो, त्याचा. गेल्याच्या गेल्या वर्षी फुलोऱ्यात वाऱ्यानं पराग तळीत गेला असणार. मग त्याचं बी पडलं, गेल्या वर्षी उगवलं, तुम्ही झोडून मडक्यात भरलं.

रुक्मा : अय्यो! म्हंजे बाप तुमचा भात, आजा जंतू! आन् सोयरीक कुणी ठरवली? ना सुपारी, ना अक्षता. वारा धरून आला आन् आमच्या तळीत शिरला!

म्हादू : तरीच त्या साली बेडकं लई वरडत हुती.

रुक्मा : तुम्ही गप बसा. साएब, पोर जातंय बापाच्या कुळात. बाप बैलाच्या कष्टाचा. मग हे देवभात कसं? हे बैलाचंच झालं की.

म्हादू : पण वाढलं तर आईच्या घरी, तळीत. घरजावयाचं पोर म्हणायचं आन् सोडून द्यायचं.

साहेब : हे बघा, चूक आमची नाही. मी पेरणीआधी ह्या म्हादूला स्वतः विचारलं होतं. भाताचे रानटी सोयरे आहेत का आसपास? त्यानं शपथेवर सांगितलं, नाहीत.

रुक्मा : अवो!

म्हादू : 'भाताचे' मला ऐकू आलं न्हाई. मला वाटलं माझेच इचारतायत. मी म्हटलं, न्हाईत साएब. आमचे सगळे खानापूरकडचे, शिकलेसवरलेले. एक मेव्हणा तेवढा कुळगीच्या रानात राहतोय, पण तोबी आता दाढी करतोय.

रुक्मा : माझा लाडूदादा रानटी?

म्हादू : अगं, न्हाई म्हटलं की मी! त्याचीच बाजू घेतली.

साहेब : आणि मी वर कळवलं, रानटी सोयरे नाहीत.

रुक्मा : म्हंजे माझ्या भावाच्या दाढीवर तुमचा प्रयोग मंजूर! तळी तुमच्या जीपच्या चाकाला लागती, साएब. मान वळवली असती तर मोडली असती व्हय?

साहेब : झालं ते झालं. एवढं काय मनावर घेता? मूठभर धान्य.

म्हादू : कंद उकड आज. आपल्या गावात कंदाला काय तोटा?

रुक्मा : आज माझं उद्यापन हाय! सात जणी ओसरीवर पानं मांडून बसल्यात. पुतळीकाकूच्या पोटात कालपासून पाण्याबिगर काय न्हाई. लग्न झाल्यापास्नं धरलेला उपास माझा. शेवटच्या घासात बैल निघाला तर गेला की सगळा पाण्यात. आन् बैलाचं एक सोडा. अळी मेली, बाई जगती का?

साहेब : माणसाला काही होत नाही.

रुक्मा : कुणाला खाऊ घालून बघितलं?

साहेब : तपासण्या चालू आहेत.

रुक्मा : मग बसा आठवं पान घेऊन. पयला घास तुमचा.

साहेब : नको, आज माझं पोट जरा... मी वर विचारून कळवतो.

रुक्मा : वर ऋषी बसल्यात. तेबी माझ्याच हाताकडं बघतायत.

साहेब : म्हणजे ऑफिसात विचारतो. दिवाळीपर्यंत उत्तर येईल.

म्हादू : साएब, च्या घेणार?

रुक्मा : च्या न्हाई. चुलीवर आधण उकळतंय, मडकं हे माझ्या कडेवर हाय. बोला साएब, टाकू का नको?