देवापुढचं पाकीट

मी मूळची चिंचवडची. लग्नाआधी आईबरोबर कंपनीच्या कॅन्टीनला पोळ्या लाटायचे, आणि काय सांगू तुम्हाला, विमानात बसून एवढ्या लांब आइंडहोवनला आले तर इथेही पोळ्याच लाटते, आपल्या इंजिनिअर पोरांचे डबे करते. आमचे हेही इंजिनिअरच, घर शेजारच्याच न्यूनेन गावात.

तर येलित्सा. व्हेनेझुएलाची, सोबत आठ वर्षांची लेक. इथे राहू द्या म्हणून अर्ज केलाय, निकाल लागेपर्यंत आमच्या वरच्या खोलीत राहतात दोघी. आली तेव्हा एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण तिनं मक्याच्या पिठाची अरेपा थापली आणि मी म्हटलं, अगं बाई, ही तर आपली जाड भाकरी! तेव्हापासून मला ताई म्हणते, मोडक्या डचमध्ये भांडतोसुद्धा आम्ही.

शाळेला सुट्टी होती म्हणून ती लेकीला घेऊन आठवडाभर बहिणीकडे युट्रेख्टला गेली, आणि त्याच सोमवारी तिचं सरकारी पाकीट आलं. आमच्याकडे महत्त्वाचा कागद आधी देवापुढे, ह्यांचं परमिटही तिथेच ठेवलं होतं. कुंकवाचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या. फोन करणारच होते हो, पण अमावस्या होती, म्हटलं आज नको, उद्या सांगू. उद्या चाळीस डबे होते, राहिलंच. मग रोज पूजेला बसले की पाकीट दिसायचं आणि वाटायचं, देवापाशी आहे ना, मग काळजी नाही. अशी मी शहाणी.

पुढच्या मंगळवारी परत आल्यावर तिनं ते उघडलं. मुलाखतीला बोलावलं होतं, सोमवारी. कालच्या.

ती जिन्यातच बसली. त्या सरकारी ऑफिसात फोन केला तर म्हणे, का आला नाहीत ते लेखी कळवा. हे म्हणाले, पत्र मिळालंच नाही असं लिहू. मी म्हटलं नाही, तिच्या नावावर खोटं नको, माझी चूक आहे, माझं नाव लिहा, अमावस्यासुद्धा लिहा. येलित्सा रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, ताई, माझी आईपण पत्रं संताच्या फोटोखाली ठेवायची. मला रडूच फुटलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. धड जेवण जात नाही मला, ती पोर शाळेतून आल्याआल्या विचारते, पोस्ट आली का. पाठवलं ना त्यांना परत, तर ते माझ्यामुळे.

आणि आज सकाळी पाकीट आलंय बघा, ते काय, पोळपाटाशेजारी. आजही अमावस्याच आहे, पण देवघरात नेलं नाही, पिठाच्या हातानंच तिला फोन केला. सुपरमार्केटातली शिफ्ट सोडून निघालीय, बसमध्ये आहे. तुम्हाला डच वाचता येतं ना? नको, राहू दे, तिचं तिला उघडू दे. देवाला सांगितलंय, तुझं कुंकू नंतर, आधी तिचं बघ.