नव्या दोराचा झोका

पेण-रोहा एसटीत मागचं बोलणं ऐकायला ऋजुतानं कानातली गाणी बंद केली. मागच्या सीटवर झाडं छाटणारा सुजय करवत नि नवाकोरा दोर पायाशी घेऊन बसला होता. शेजारी मालूआजी, त्यांचा आंबा गेल्याच महिन्यात यानं छाटलेला.

"जुना दोर मला दे रे. नातीला झोका बांधते."

"त्याचे तुकडे केले, आजी."

"चांगला दोर तोडलास?"

"आतून झिजला होता, वरून चांगला दिसायचा म्हणूनच तोडला. कुणीतरी बांधून झाडावर चढलं असतं."

"पोर केवढीशी माझी! तिचं वजन ते काय?"

"मी ज्याला लटकत नाय, त्याच्यावर तिला बसवू?"

"मग झोका रे?"

"रविवारी येतो. नव्यातला कापून बांधतो, आधी मी बसून बघतो."

"तू? फांदी मोडशील माझी!"

"नाय मोडायची. छाटताना ती आडवी फांदी उगाच ठेवली काय?"