घुंगरांची दमणी

पानं लावताय तोवर माझी फजिती ऐका, पण बाहेर बोलू नका.

परवाच्या म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत आमच्या कल्याणच्या आळीतून दोघे उभे होते, एक ठेकेदार आणि एक वैद्यबुवा. आळीची विहीर उपसून घ्यायची, एवढ्यासाठीच बुवा उभे राहिलेले. माझं मतही त्यांनाच ठरलेलं. सकाळी दारात घुंगरांची दमणी थांबली. गाडीवान म्हणाला, “बसा शेट, तुमचा गुडघा दुखतो म्हणून गाडी धाडलीय.”

असले उमदे बैल ठेकेदाराचेच, असं मी धरून चाललो. गादीवर बसलो खरा, पण वाटभर मनात तेच. गाडी एकाची आणि मत दुसऱ्याला?

चावडीत मामलेदारांनी आधीच बजावलं, “शेट, कोणाच्या गाडीतून आलात ते इथे कोणी विचारत नाही. मनात असेल ते नाव सांगा.”

मी मान डोलावली आणि खणखणीत आवाजात ठेकेदाराचं नाव सांगितलं.

दाराशीच वैद्यबुवा उभे होते, त्यांनी ऐकलं असणारच. मी नजर चुकवून निघालो, तर म्हणाले, “काय शेट, हादरे नाही ना बसले? सासऱ्यांची दमणी मुद्दाम मागून आणली.”

मला तोंड लपवायला जागा सापडेना. म्हटलं, “बुवा, मी जातो चालत.”

“अहो, चालत कसे? बसा! गाडी गुडघ्यासाठी आणलीय, मतासाठी नाही.”

ठेकेदार निवडून आला. विहीर तशीच आहे. आणि गुडघ्याचं तेल आणायला बुवांकडे मी हल्ली गड्याला धाडतो.